खालचा बाण

खराडीत सातव्या मजल्यावर
रात्री साडेअकराला माझा दिवस उगवतो.
समोर ओहायोतल्या कुणाचं तरी रक्त, आकड्यांत.
नाव झाकलेलं. वय एकाहत्तर. स्त्री.
हिमोग्लोबिन सहा पॉइंट आठ
आणि पुढे डॉक्टरनं काढलेला एक बाण, खाली.
बस्स. शब्द नाही.

शब्द नसेल तर आजार नाही.
हे तांबोळी सरांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं,
डब्यातली भेंडी निवडत निवडत:
"बाण म्हणजे निदान नव्हे, मॅडम.
आकडा कितीही ओरडू दे, आपण बहिरे.
मायक्रोबायोलॉजी शिकलात ना? ती खाली
सिक्युरिटीकडे ठेवून वर यायचं."

तरी एकदा मी माझ्या मनानं लिहिलं होतं,
डी चौसष्ट पॉइंट नऊ. ॲनिमिया.
बाई सरळ सरळ पांढरी पडत होती चार पानांवर.
ऑडिटमध्ये लाल शेरा आला: कोडरने अर्थ लावला.
त्या महिन्यात बाराशे रुपये कमी.

तेव्हापासून मी प्रश्न पाठवते.
प्रश्नाचेही नियम आहेत,
त्यातून उत्तर डोकावता कामा नये.
"सदर बाणाचा वैद्यकीय अर्थ कृपया स्पष्ट करावा."
तीन दिवसांनी उत्तर येतं, किंवा येत नाही.

कधी डॉक्टर नुसतंच लिहितो, रक्तात बिघाड.
त्यालाही क्रमांक आहे:
आर एकोणऐंशी पॉइंट नऊ, अनिर्दिष्ट.
काहीतरी आहे, पण काय ते कुणी म्हटलेलं नाही.
मला हा सगळ्यांत जवळचा वाटतो.
गिरणी बंद झाल्यावर वडील दोन वर्षं
ह्याच क्रमांकात राहत होते,
ओसरीवर, पेपर उलटा धरून.

फेब्रुवारीत कंपनीनं कॅन्टीनमध्ये शिबिर घेतलं.
पोऱ्याला डाव्या हाताची शीर सापडेना,
उजव्या हातावर बांगडीएवढा निळा डाग ठेवून गेला.
पीडीएफ आली शिफ्टच्या मधोमध.
सात पॉइंट नऊ. ठळक अक्षरात. खाली बाण.
तळाशी शिक्का, सही, आणि
"आपल्या डॉक्टरांशी संपर्क साधावा."
मी ती वाचली जशी वाचते रोजच्या नव्वद,
वरून खाली, शब्द शोधत.
नव्हता.
नियमानं मी ठणठणीत.

पहाटे कॅब मुंढव्याच्या पुलावर थांबली,
पुढे टँकर आडवा.
जलपर्णीखाली नदी आहे हे ऐकूनच माहीत.
केशवनगरात कुंभारांच्या भट्ट्यांचा धूर
आणि माझ्या जिन्यात तिसऱ्या पायरीवरच धाप.

डब्यावाल्या कुसाळकर काकू वरून उतरत होत्या.
थांबल्या. पदराला हात पुसला,
अंगठ्यानं माझी खालची पापणी ओढून
जिन्यातल्या बल्बखाली बघितलं.
"पोरी, रगत न्हाई तुझ्यात."

एवढंच. ना विचारणा, ना फॉर्म.
मी तिथंच पायरीवर बसले आणि
कधी नव्हे ती रडले, धाप लागलेली असताना रडता येतं तेवढं.
त्यांनी कमरेची वही काढली,
थुंकी लावून पान उलटलं
आणि हिशोबाच्या रकान्यात लिहिलं:
चार नंबर. गूळ, शेंगदाणे, पालेभाजी जास्त.
पैसे धरू नये.
उद्या ससूनला नेते म्हणाल्या,
तिथली एक आया त्यांच्या गावची.

रात्री एकाहत्तर वर्षांच्या त्या बाईचं उत्तर आलेलं:
"बाण म्हणजे कमी."
काय कमी, का कमी, काही नाही.
तांबोळी सर पलीकडून विचारतात, झालं का ते ओहायो?
नाही सर.
दाढेत अडकलेला शेंगदाणा जिभेनं शोधत
मी पुन्हा लिहायला घेते,
सदर कमीचा अर्थ कृपया.